परतलेल्या प्रकाशाचे उलट गणित: लायडरची पार्श्वभूमी

अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडला की एरवी न दिसणारे धूलिकण त्यात तरंगताना दिसू लागतात. हवेतील सूक्ष्मकणांचा, म्हणजेच एरोसॉलचा, लेसरच्या साहाय्याने दुरून वेध घेणारे लायडर हे यंत्र त्याच तत्त्वावर चालते. परंतु कण दिसणे आणि ते किती आहेत हे खात्रीने सांगता येणे यांत बरेच अंतर आहे. ते कापण्यात यंत्रापेक्षा गणिताचा वाटा मोठा होता, असे हा इतिहास वाचताना वारंवार जाणवते.

लेसरचा शोध लागण्याच्या तीस वर्षे आधी, १९३० साली, एडवर्ड हचिन्सन सिंज या आयरिश शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली होती. सर्चलाइटचे प्रखर झोत आकाशात सोडावेत, काही अंतरावर ठेवलेल्या दुर्बिणीने त्यांतून विखुरलेला प्रकाश टिपावा, आणि झोत व दुर्बिणीची नजर जेथे एकमेकांना छेदतात तेथील उंची त्रिकोणाच्या हिशेबाने काढावी, अशी ती योजना होती. १९३७ साली अमेरिकेत हल्बर्ट यांनी असा झोत २८ किलोमीटर उंचीपर्यंत छायाचित्रात पकडला.

१९६० च्या मे महिन्यात थिओडोर मैमन यांनी माणकाचा लेसर प्रज्वलित केला आणि दोनच वर्षांत त्याचे अतिशय आखूड, तीव्र स्पंद तयार करण्याची युक्ती सापडली. आता त्रिकोणाची गरज उरली नाही. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. तेव्हा स्पंद सोडल्यापासून एका मायक्रोसेकंदाने परतलेला प्रकाश १५० मीटरवरून आला, असे थेट घड्याळावरूनच कळू लागले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉर्जो फिओको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ मध्ये या पद्धतीने वरच्या वातावरणातील थर शोधले. सुमारे २० किलोमीटर उंचीवरील एरोसॉलचा थर त्यांना स्पष्ट दिसला, कारण १९६३ मध्येच बाली बेटावरील आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक होऊन त्या थरात भर पडली होती.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. एखाद्या उंचीवरून किती प्रकाश परत येईल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. तेथील कण किती प्रकाश मागे फेकतात ही पहिली, आणि जाता-येता वाटेत किती प्रकाश गळतो, म्हणजे क्षीणन किती होते, ही दुसरी. मोजमाप मात्र हाती एकच येते. एका समीकरणात दोन अज्ञात असल्यामुळे त्या दोहोंचे गुणोत्तर गृहीत धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे ‘लायडर गुणोत्तर’ (क्षीणन भागिले मागे फेकला जाणारा प्रकाश) हवेच्या रेणूंसाठी सुमारे ८.४ स्टरेडियन (घनकोनाचे एकक) असे नेमके ठाऊक आहे, पण समुद्री मिठाच्या कणांसाठी ते साधारण २० तर धुरासाठी ७० च्या आसपास असू शकते.

अशाच स्वरूपाचे समीकरण पावसाच्या रडारसाठी १९५४ साली हिट्शफेल्ड आणि बोर्डन यांनी सोडवले होते आणि त्याच वेळी धोक्याची सूचनाही दिली होती की, यंत्राचे अंशांकन, म्हणजे त्याचे माप प्रमाणाशी जुळवणे, काटेकोर नसेल तर क्षीणनाची दुरुस्ती करणे हे ती न करण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. कारण साधे आहे. यंत्राजवळून सुरुवात करून पुढे पुढे गेले की उत्तराच्या छेदात दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी येते, छेद शून्याकडे झुकतो आणि सुरुवातीची लहानशी चूक शेवटी सगळे उत्तर गिळून टाकते. १९८१ साली जेम्स क्लेट यांनी याच गणिताची दिशा उलटी केली. दूरच्या टोकाला एक मूल्य गृहीत धरून यंत्राकडे परत येत गेल्यास छेदात वजाबाकीऐवजी बेरीज येते आणि दूरच्या टोकाची चूक जवळ येता येता विरत जाते. माझ्या मते लायडरच्या इतिहासातील हे सर्वांत सुंदर पाऊल आहे, कारण त्यासाठी एकही नवे उपकरण लागले नाही. फर्नाल्ड यांनी १९८४ मध्ये रेणू आणि कण यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणारी मांडणी सुटसुटीत केली आणि ती जगभर रुळली.

याच सुमारास, १९८६ मध्ये, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत पी. सी. एस. देवरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन-आयन लेसरवर आधारलेल्या लायडरने नियमित निरीक्षणे सुरू केली. हा लेसर स्पंदांचा नसून अखंड प्रकाशाचा होता आणि प्रक्षेपक व ग्राहक एकमेकांपासून दूर ठेवलेले होते. म्हणजे उंची पुन्हा त्रिकोणावरूनच काढायची होती. सिंज यांची जुनी भूमिती अशा रीतीने पुण्यात उपयोगी पडली आणि जमिनीलगतच्या हवेतील कणांचा ऋतूंनुसार होणारा चढउतार वर्षानुवर्षे नोंदवला गेला.

गुणोत्तर गृहीत न धरता काम भागवण्याचा मार्ग मात्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेल्या परिणामातून निघाला. ३५५ नॅनोमीटरचा प्रकाश नायट्रोजनच्या रेणूंवर पडला की त्याचा अत्यल्प भाग ३८७ नॅनोमीटरचा होऊन परततो. कोणत्या उंचीवर किती नायट्रोजन आहे हे तापमान व दाबावरून ठाऊक असते, त्यामुळे या परतीच्या प्रकाशात अज्ञात एकच उरते, ते म्हणजे क्षीणन. जर्मनीत आन्समान आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ही पद्धत प्रत्यक्षात आणली. हा संकेत इतका क्षीण असतो की ही मोजमापे दीर्घकाळ मुख्यतः रात्रीच होत असत.

पुढचा प्रश्न कणांच्या आकारमानाचा होता. गुस्ताव मी यांच्या १९०८ च्या सिद्धांताने ठरावीक आकारमानाच्या गोल कणावरून प्रकाश कसा विखुरेल हे काढता येते. पण विखुरलेल्या प्रकाशावरून कण काढायचे म्हटले की अगदी वेगवेगळी उत्तरे जवळजवळ सारख्याच मोजमापाशी जुळतात. मोजमापात किंचित फरक पडताच उत्तर भलतीकडे जाणाऱ्या अशा प्रश्नांना फ्रेंच गणिती आदामार यांनी ‘सुस्थित’, म्हणजे एकच आणि स्थिर उत्तर असलेल्या, प्रश्नांच्या बाहेर ठेवले होते. १९६३ मध्ये रशियन गणिती तिखोनोव्ह यांनी त्यांवर तोडगा दिला, तो असा की मोजमापाशी जुळण्याबरोबरच उत्तर वाजवी गुळगुळीत असावे, अशी अट घालायची. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे तत्त्व बहुतरंगी लायडरला लावले. आज त्यासाठी तीन तरंगलांबींवर परत फेकलेला प्रकाश आणि दोन तरंगलांबींवरील क्षीणन, अशी पाचच मोजमापे बहुधा पुरेशी मानली जातात.

अवकाशात २००६ ते २०२३ या काळात काम करणाऱ्या कॅलिप्सो उपग्रहाला कणांचा प्रकार ओळखून लायडर गुणोत्तर नेमून द्यावे लागत असे. मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावरील लायडर रेणूंवरून आलेला आणि कणांवरून आलेला प्रकाश यंत्रातच वेगळा करतो, त्यामुळे ते गुणोत्तर आता अवकाशातून थेट मोजता येते.