बोकडाचा शाप

बोकडाचा शाप : अमेरिकेतील शिकागो कब्स या व्यावसायिक बेसबॉल संघाविषयीची लोकसमजूत. १९४५ साली एका मद्यगृहाच्या मालकाला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढण्यात आले, त्याने रागाने शाप दिला आणि त्यामुळे संघाला पुढे ७१ वर्षे अजिंक्यपदाच्या लढतीपर्यंतही पोहोचता आले नाही, असे ही समजूत सांगते. २०१६ मध्ये कब्स त्या लढतीत पोहोचले आणि जिंकले. अभ्यासकांना या विषयात रस आहे तो शापाच्या खरेखोटेपणापेक्षा त्याच्या छायेत वाढलेल्या चाहत्यांमुळे. दीर्घकाळ हरणाऱ्या संघाचे चाहते यश दाराशी आल्यावर कसे वागतात, याची इतकी तपशीलवार नोंद झालेले दुसरे उदाहरण बेसबॉलमध्ये बहुधा नाही.

अमेरिकी बेसबॉलमध्ये नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग असे दोन गट आहेत. गटाचे विजेतेपद म्हणजे ‘पेनंट’. दोन्ही गटांचे विजेते ‘वर्ल्ड सीरिज’ या अंतिम मालिकेत भेटतात आणि सातपैकी चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो. त्यामुळे अंतिम मालिकेत पोहोचणे हाच एक स्वतंत्र किताब असतो. कब्सच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्या प्रतीक्षेच्या दोन गणना आहेत व लोकप्रिय लेखनात त्यांची सर्रास गल्लत होते. संघाने शेवटचे अजिंक्यपद १९०८ मध्ये मिळवले होते. शेवटचे पेनंट मात्र १९४५ चे. २०१६ पर्यंत पहिली प्रतीक्षा १०८ वर्षांची होते, दुसरी ७१ वर्षांची. बोकडाच्या खात्यावर फार तर दुसरी टाकता येते. १९१० ते १९३८ या काळात कब्स सहा वेळा वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचले व सहाही वेळा हरले, तेव्हा बोकड कुठेच नव्हता.

उगम : विल्यम सियानिस हा ग्रीक स्थलांतरित. शिकागोच्या वेस्ट मॅडिसन स्ट्रीटवर त्याचे मद्यगृह होते. ते त्याने १९३४ मध्ये विकत घेतले. एका मालमोटारीतून पडलेले बकरीचे पिल्लू त्याने पाळले, त्यावरून त्याला ‘बिली गोट’ हे टोपणनाव पडले आणि दुकानालाही तेच नाव मिळाले, अशी कथा आहे. माणूस प्रसिद्धीलोलुप होता. १९४४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन समोरच्याच सभागृहात भरले, तेव्हा ‘रिपब्लिकनांना प्रवेश नाही’ अशी पाटी त्याने दारावर लावली. त्याचा परिणाम म्हणून चिडलेल्या रिपब्लिकनांनी दुकान भरून गेले, असे सांगतात. पुढच्या वर्षीची बोकडाची हकीकत वाचताना हा स्वभाव लक्षात ठेवलेला बरा.

६ ऑक्टोबर १९४५ रोजी रिग्ली फील्ड या कब्सच्या मैदानावर डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना होता. कब्स २–१ असे आघाडीवर होते. सियानिस मर्फी नावाच्या बोकडाला घेऊन आला. त्याच्याजवळ दोन तिकिटे होती, प्रत्येकी ७.२० डॉलरची. बोकडाच्या अंगावर डेट्रॉइटची खिल्ली उडवणारा फलक होता. इथवर सर्वांचे एकमत आहे. पुढे पाठभेद सुरू होतात. एका पाठानुसार बोकडाला फाटकावरच अडवले. दुसऱ्यात तो मैदानावर मिरवला, जागेवर बसला आणि सामन्याच्या मध्यात वासाच्या तक्रारीवरून त्याला हाकलले. (बोकडाच्या वासाबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) तिसऱ्यात हाकलण्याचा हुकूम स्वतः संघमालक फिलिप रिग्ली यांनी दिला. दुसरा पाठ त्या काळच्या वृत्तांताला सर्वांत जवळचा दिसतो. रिग्ली यांचा प्रत्यक्ष सहभाग ही नंतरची भर असावी.

शापाच्या शब्दांबाबतही तीन परंपरा आहेत : कब्स पुन्हा कधीच जिंकणार नाहीत, पुन्हा पेनंट मिळणार नाही, किंवा रिग्ली फील्डवर पुन्हा वर्ल्ड सीरिजचा सामना होणार नाही. तिन्हींची समाप्ती वेगवेगळ्या दिवशी येते, हे गमतीचे आहे. पेनंटचा शाप २२ ऑक्टोबर २०१६ ला सुटतो, मैदानाचा २८ ऑक्टोबरला आणि अजिंक्यपदाचा २ नोव्हेंबरला. १९४५ च्या त्या चौथ्या सामन्यात डेट्रॉइट ४–१ ने जिंकले आणि पुढे मालिकाही ४–३ अशी त्यांचीच झाली. त्यानंतर सियानिसने रिग्ली यांना ‘आता कोणाला वास येतो?’ अशा आशयाची तार केली, असे मद्यगृहाच्या परंपरेत सांगतात. तारेची कथा जितकी नेमकी, तितकीच संशयास्पद वाटते.

शाप ‘केव्हा’ तयार झाला, हा खरा वादाचा मुद्दा आहे. ऑक्टोबर १९४५ च्या वृत्तपत्रांत बोकड आहे, शाप नाही, यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. काही जण त्याची पूर्वचिन्हे १९५० च्या सुमारास शोधतात. इतरांच्या मते तो साठीच्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या स्तंभलेखकांनी घडवला, आणि तोवर मद्यगृह मिशिगन अव्हेन्यूच्या खालच्या पातळीवर, वृत्तपत्र कचेऱ्यांच्या शेजारी आले होते (१९६४). पत्रकारांच्या बैठकीत कथेला आकार आला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. १९४७ ते १९६६ अशी सलग वीस वर्षे संघ गटाच्या खालच्या अर्ध्यात होता. इतक्या सामान्य संघाला हरण्यासाठी शाप लागत नाही. शापाची गरज पडते ती जिंकण्याची वेळ आली आणि तरी हरलो, तेव्हा. तशी वेळ १९६९ मध्ये आली.

अन्य स्पष्टीकरणे : स्तंभलेखक माइक रॉयको यांनी मार्च १९९७ मधील आपल्या अखेरच्या स्तंभात दोष बोकडाला नव्हे, रिग्ली यांना दिला. आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या संघाकडून खेळू लागले. कब्सने एर्नी बँक्स व जीन बेकर या आपल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना उतरवले ते सप्टेंबर १९५३ मध्ये. प्रतिस्पर्ध्यांनी दरम्यानच्या काळात उत्तम खेळाडू वेचले होते. १९६१–६२ मध्ये एका व्यवस्थापकाऐवजी प्रशिक्षकांचे मंडळ नेमण्याचा विक्षिप्त प्रयोग झाला. मैदानावर दिवे नव्हते. १९८८ पर्यंत सर्व घरचे सामने दिवसा होत आणि उन्हाळ्यात खेळाडू थकत, असेही एक मत आहे. वर्णभेदाचे स्पष्टीकरण पन्नाशीच्या दशकाला चांगले लागू पडते, त्यानंतरच्या काळाला कमी. तरी बोकडापेक्षा ते केव्हाही सरस.

हुकलेल्या संधी : १९६९ च्या ऑगस्टच्या मध्यास कब्स नऊ सामन्यांच्या फरकाने आघाडीवर होते. मोसम संपला तेव्हा न्यूयॉर्क मेट्स आठ सामन्यांनी पुढे गेले होते. ९ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये एक काळे मांजर मैदानात शिरून रॉन सँटो या खेळाडूजवळून गेले. त्याचे छायाचित्र उपलब्ध असल्यामुळे शापाच्या साहित्यात मांजराचा पुरावा बोकडापेक्षा भक्कम आहे. १९८४ मध्ये पाच सामन्यांच्या उपांत्य मालिकेत पहिले दोन जिंकून पुढचे तीन सान दिएगोविरुद्ध गमावले. निर्णायक सामन्यात सरपटता चेंडू लिऑन डरहॅमच्या पायांमधून निघून गेला. त्या मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला सियानिसचा पुतण्या सॅम याला बोकडासह सन्मानाने मैदानात बोलावले होते. उतारा लागू पडला नाही.

सर्वांत खोल जखम १४ ऑक्टोबर २००३ ची. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध उपांत्य मालिकेचा सहावा सामना, आठवा डाव, कब्स ३–० ने पुढे, आणखी पाच गडी बाद केले की पेनंट. सीमेलगत उडालेल्या फाउल (खेळाच्या रेषेबाहेर गेलेल्या) चेंडूला एका प्रेक्षकाचा हात लागला आणि कब्सच्या मोइझेस अलूचा संभाव्य झेल हुकला. त्याच डावात मार्लिन्सनी आठ धावा केल्या. मधल्या काळात कब्सचा क्षेत्ररक्षक अ‍ॅलेक्स गोन्झालेसच्या हातून सोपा चेंडू सुटला, पण लोकांनी लक्षात ठेवला तो प्रेक्षक. त्याला संरक्षणात बाहेर न्यावे लागले. तो स्वतः कब्सचा चाहता होता व त्या चेंडूकडे आजूबाजूचे इतर हातही गेले होते. पुढे तो चेंडू लिलावात विकत घेऊन २००४ मध्ये जाहीर समारंभात स्फोटाने उडवण्यात आला. चाहत्यांच्या दुःखाला क्रौर्याची किनार असते, हे या प्रकरणात दिसते. कब्सवरील भावुक लेखनात त्यावरून घाईने पुढे जाण्याची प्रथा आहे. २०१७ मध्ये संघाने त्या प्रेक्षकाला अजिंक्यपदाची अंगठी दिली.

ऑक्टोबर २०१६ : थिओ एपस्टाइन २०११ मध्ये संघाचे प्रमुख झाले. २००४ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सची ८६ वर्षांची प्रतीक्षा त्यांच्याच कारकिर्दीत संपली होती. २०१५ मध्ये कब्स उपांत्य मालिका मेट्सविरुद्ध सलग चार सामन्यांत हरले. त्यांना झोडपणाऱ्या फलंदाजाचे नाव डॅनियल मर्फी, म्हणजे बोकडाचेच. २०१६ मध्ये संघाने साखळीत १०३ सामने जिंकले.

२२ ऑक्टोबरला, शनिवारी, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध सहावा सामना रिग्ली फील्डवर झाला. १९७० मध्ये सियानिस मरण पावला तो हाच दिवस. काइल हेन्ड्रिक्सने सुरेख गोलंदाजी केली आणि आठव्या डावात तो बाहेर आला तेव्हा नेमके पाच गडी बाद व्हायचे होते. २००३ चा आकडा तिथल्या प्रत्येकाला पाठ होता. ५–० ची आघाडी असूनही लोक बसायला तयार नव्हते. आघाडी जितकी मोठी तितकी भीती मोठी, हा उलटा हिशोब दीर्घ पराभवाच्या चाहत्यांचे खास लक्षण म्हणून नोंदवला जातो. शेवटच्या चेंडूवर दोन गडी एकदम बाद झाले.

त्या रात्री चाहते घरी जाईनात. वयस्कर माणसे रडताना दिसली, अनेकांनी जागेवरूनच आईवडिलांना फोन लावले. वर्ल्ड सीरिजच्या दिवसांत वेव्हलँड व शेफील्ड अव्हेन्यूंवरील मैदानाच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावे लिहू लागले. बरीचशी नावे हा दिवस न पाहता गेलेल्या आजोबा-आजींची व वडिलांची. कबरींवर संघाचे ध्वज ठेवले गेले. समालोचक हॅरी केरी यांनी १९९१ मध्ये, देवाने हिरवी सफरचंदे निर्माण केली हे जितके खरे तितकेच कब्स एक दिवस वर्ल्ड सीरिजमध्ये जातील हेही खरे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. ते १९९८ मध्ये वारले. डेस प्लेन्स येथील त्यांच्या कबरीवर चाहत्यांनी हिरव्या सफरचंदांची रास घातली. ५१२ होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) करूनही अंतिम टप्प्याचा एकही सामना खेळायला न मिळालेले एर्नी बँक्स आदल्या वर्षीच, जानेवारी २०१५ मध्ये गेले होते. आनंदाबरोबर अपराधी भाव येतो तो इथून : आपण काहीच केले नाही, केवळ जिवंत राहिलो.

क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत कब्स १–३ असे मागे पडले आणि जुने दुःख आयते परत आले. पुढचे दोन सामने जिंकून त्यांनी बरोबरी साधली. सातव्या सामन्यात आठव्या डावात क्लीव्हलँडच्या रजाई डेव्हिसच्या होमरनने ६–६ अशी बरोबरी झाली, नवव्या डावानंतर पावसाने १७ मिनिटे खेळ थांबवला आणि दहाव्या डावात बेन झोब्रिस्ट व मिगेल मोंटेरो यांच्या फटक्यांनी कब्स ८–७ ने जिंकले. अमेरिकेत सुमारे ४ कोटी लोकांनी तो पाहिला. ४ नोव्हेंबरच्या मिरवणुकीला ५० लाख लोक होते, हा शहराचा अंदाज फुगवलेला मानला जातो. बेसबॉलच्या चेंडूला १०८ टाके असतात, यावरही पुष्कळ शाई खर्च झाली.

मीमांसा : रॉबर्ट सियाल्डिनी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले, की विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात आणि हरला की ‘ते हरले’ म्हणण्याकडे वळतात. या उसन्या गौरवाच्या सिद्धांतात कब्सचा चाहता बसत नाही. तो पराभवातही ‘आम्ही’च म्हणत राहिला. प्रतीक्षेची लांबी भावना ठरवते, हे दुसरे मतही अपुरे आहे. त्याच शहराच्या दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स संघाने २००५ मध्ये ८८ वर्षांची प्रतीक्षा संपवली, म्हणजे बॉस्टनपेक्षा दोन वर्षे अधिक. तरी त्याभोवती अशी लोककथा उभी राहिली नाही. बॉस्टनजवळ बेब रूथ या महान खेळाडूला न्यूयॉर्कला विकल्यामुळे लागलेल्या शापाची कथा होती, कब्सजवळ बोकड. नुसती वर्षे मुलाला वारशाने देता येत नाहीत, गोष्ट देता येते. जपानमध्ये १९८५ च्या जल्लोषात ओसाकातील दोतोनबोरी कालव्यात केएफसी या खाद्यगृहाचे प्रतीक असलेल्या कर्नल सँडर्सचा पुतळा फेकणाऱ्या हानशिन टायगर्सच्या चाहत्यांनी हीच वाट धरली : पुढचे अपयश त्यांनी पुतळ्याच्या शापाला चिकटवले. पुतळा २००९ मध्ये सापडला, जपान सीरिजचे अजिंक्यपद मात्र २०२३ मध्ये.

विजयानंतर कब्सच्या काही जुन्या चाहत्यांना रिकामेपणा जाणवला. ‘लाडके पराभूत’ ही ओळख गेली, तिकिटे महागली, आणि पुढे वर्ल्ड सीरिजही आली नाही. हरलेल्या क्लीव्हलँडचे शेवटचे अजिंक्यपद १९४८ चे. तिथेही १९६० मध्ये रॉकी कोलाविटो या लोकप्रिय खेळाडूला दुसऱ्या संघाला दिल्यामुळे लागलेला शाप सांगतात. २०२२ पासून संघाचे नाव गार्डियन्स झाले, तरी २०२५ पर्यंत ती प्रतीक्षा चालूच होती, आणि बेसबॉलमधली आता तीच सर्वांत लांब आहे. त्या चाहत्यांविषयीचे लेखन मात्र कब्सच्या मानाने फारच तुटपुंजे आहे.