काळटोकी प्रवाळ शार्क

हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण कटिबंधातील उथळ प्रवाळभित्तींवर राहणारा लहान चणीचा शार्क. शास्त्रीय नाव कार्कॅरिनस मेलॅनोप्टेरस. लांबी साधारणपणे १.६ मी.पर्यंत. पक्षांची (परांची) टोके काळी असून पहिल्या पृष्ठपक्षावर (पाठीवरील परावर) काळ्या टोकाखाली फिकट पट्टा असतो. याच प्रजातीतील लिंबॅटस या नावाच्या दुसऱ्या शार्क जातीशी त्याची नेहमी गल्लत होते. मात्र तिच्यात हा ठळक पट्टा नसतो व मुस्कट अधिक लांब व टोकदार असते.

क्वॉय व गेमार या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८२४ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी वापरलेला नमुना न्यू गिनीच्या पश्चिमेकडील वायगेओ बेटाजवळचा होता. जुन्या लेखनात हीच जाती कधीकधी ‘स्पालांझानी’ या नावाने येते. ते नाव आता सोरा या वेगळ्या शार्क जातीचे समानार्थी मानले जाते, त्यामुळे जुन्या नोंदी वापरताना वर्णन पडताळून घ्यावे.

ही जाती जरायुज (पिलांना जन्म देणारी) आहे. गर्भाचे पीतक (अंड्यातील पोषक बलक) संपल्यावर पीतककोशापासून वार (मादीकडून गर्भाला पोषण पुरविणारा अवयव) तयार होते. एका खेपेस बहुधा २ ते ५ पिले होतात. गर्भधारणेच्या कालावधीबाबत मात्र एकवाक्यता नाही. आरंभीच्या अभ्यासकांनी तो १६ महिन्यांपर्यंत धरला होता. उत्तर ऑस्ट्रेलियातील निरीक्षणांवरून ८–९ महिने, तर फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ येथे खुणेने ओळखलेल्या माद्यांवरून १०–११ महिने असा निष्कर्ष निघाला. तीच मादी पुन्हापुन्हा पाहून केलेली मोजणी अधिक ग्राह्य वाटते. तरीही प्रदेशानुसार थोडा फरक पडत असावा. मीलनात नर मादीला दातांनी धरून ठेवतो. मादीच्या अंगावरील त्या ताज्या जखमांवरून मीलनकाळाचा अंदाज बांधता येतो. मोरेआच्या काही माद्या सुमारे ५० किमी. दूरच्या तेतिआरोआ या कंकणद्वीपाजवळ जाऊन पिले घालतात, असे पिलांच्या जनुकीय तपासणीतून दिसले आहे.

एरवी हा शार्क फारसा भटकत नाही. पॅसिफिक महासागरातील पाल्मायरा कंकणद्वीपावर (कंकणाकृती प्रवाळबेटावर) एकेका प्राण्याचे वावरक्षेत्र जेमतेम अर्धा चौ.किमी. आढळले. भरतीबरोबर तो गुडघाभर पाण्यातही येतो. मुख्य भक्ष्य लहान मासे. शिवाय माखली, कोळंबी इत्यादी. स्वभावाने तो बुजरा असून उथळ पाण्यात चालणाऱ्यांच्या पायांना क्वचित चावतो. सुएझ कालव्यामार्गे तो पूर्व भूमध्य समुद्रातही पोहोचला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ वर्गात मोडतो.