टेबलाची उंची कोपराला विचारा

घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावरच थाटलेलं असतं. मान धरली, खांदे भरून आले की पहिला संशय खुर्चीवर जातो आणि दहा-पंधरा हजारांची नवी खुर्ची घरात येते. माझ्या मते बऱ्याच घरांत खरा दोष टेबलाचा असतो, आणि तो टेप लावून दाखवता येतो.

बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं. आता पाच फूट, म्हणजे १५२ सेंमी उंचीची बाई घ्या. आपल्याकडे ही अगदी नेहमीची उंची. गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत तिचं माप ३८-३९ सेंमीच्या आसपास भरतं. तळपाय जमिनीवर नीट टेकायचे तर बैठक तेवढीच उंच हवी. बसून दंड सैल सोडले की कोपर बैठकीच्या साधारण २० सेंमी वर येतं, म्हणजे जमिनीपासून ५८-५९. टाइप करताना हात याच पातळीत असायला हवेत. टेबल मात्र १६-१७ सेंमी वर! त्यात कीबोर्डची जाडी वेगळी. शिवाय फर्निचरची मापं ठरवताना सहसा बुटाच्या टाचेची भर धरलेली असते, आणि घरात आपण अनवाणी.

ही तफावत शरीर खांदे उचलून भरून काढतं. आपल्या लक्षातही येत नाही. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू तासन्‌तास किंचित आवळलेला राहतो. चालताना स्नायू आवळतात, सैल पडतात आणि त्या लयीत त्यांतलं रक्त खेळतं राहतं. एकाच जागी धरून ठेवलेल्या स्नायूला ही उसंत मिळत नाही. ताण हलका असला तरी संध्याकाळपर्यंत तो दुखायला लागतो.

मग खुर्ची वर चढवली तर? हात बरोबर येतात, पण पाय लोंबकळतात. बैठकीची कड मांडीला मागून रुतते आणि पायांना मुंग्या येतात. म्हणून खुर्ची चढवायची तर पायाखाली तेवढ्याच उंचीचं पक्कं लाकडी खोकं हवं. टेबल स्वतःचं आणि लाकडी असेल, तर सरळ सुताराला बोलावून त्याचे पाय कापून घ्यावेत असं मी आग्रहाने सांगेन. आधी माप मात्र नीट घ्या. तळपाय टेकवून बसा, दंड सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि घरातल्या कुणाला तरी कोपराखालून जमिनीपर्यंत टेप धरायला सांगा. त्यातून कीबोर्डची जाडी वजा केली की टेबलाची उंची मिळाली.

लॅपटॉपचं दुखणं निराळं. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक जागेवर आला की दुसरा बिघडतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते पुढे झुकलं की त्याचा तोल मानेमागचे स्नायू सांभाळतात. लॅपटॉप एखाद्या भक्कम डब्यावर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि काही शे रुपयांचा वेगळा कीबोर्ड नि माउस घ्या. एवढ्या पैशांत याहून मोठा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

‘ताठ बसा’ हा सल्ला मात्र थोडा तपासून घ्यायला हवा. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकापासून मणक्यांमधल्या गादीतला दाब सुई घालून मोजला. उभं असताना १०० धरला, तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० निघाला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत सूक्ष्म संवेदक बसवून मोजलं, तेव्हा आरामात बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा जास्त भरला नाही. म्हणजे एकच एक आदर्श बैठक शोधत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण झिरपत आत जातं. दिवसभराच्या भाराने गादीतलं पाणी थोडं बाहेर जातं, म्हणून रात्री आपली उंची सकाळपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटरने कमी भरते. म्हणून बसण्याची ढब बदलत राहा: फोन उभ्याने घ्या, पाणी प्यायला उठा, मधूनच रेलून बसा.

आता उजेड. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर चमक येते, समोर असेल तर डोळे दिपतात. ती डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. मिळाली तर उत्तरेची निवडा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. मुंबईत तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला जरा उत्तरेकडे सरकतो, पण त्यातल्या बऱ्याच दिवसांत आभाळ भरलेलंच असतं. म्हणून उत्तरेच्या खिडकीतून सौम्य, स्थिर उजेड येतो.

टेबल कायमचं मांडण्याआधी छताकडेही एकदा बघा. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप निम्म्याच्याही खाली येऊ शकते. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर असेल, तर डोळ्यांवरचा अश्रूंचा थर पुढच्या उघडझापेआधीच सुकतो आणि डोळे चुरचुरतात. टेबल हात-दोन हात बाजूला घ्या, म्हणजे झोत चेहऱ्यावर न येता पाठीवर येईल.