गाड्या गेल्या, गिऱ्हाईक राहिलं

कथा-कादंबऱ्यांतल्या कल्पनेतल्या शहरात हमखास एक नामांकित बाजाररस्ता असतो. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे बाकं, आणि गाडी एकही नाही. वाचताना वाटतं, हा पहिल्यापासून असाच असणार. खऱ्या शहरांत मात्र असे बहुतेक रस्ते भांडून मिळवावे लागले, आणि भांडण मुख्यतः दुकानदारांशी होतं.

चाकांना बंदी तशी जुनीच. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या फोरमच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, तोंडाशी गाडे अडवणारे दगड आजही दिसतात. ज्युलियस सीझरच्या काळात रोममध्ये मालाच्या बहुतेक गाड्यांना दिवसा मज्जाव होता. मोटार आली तसा रस्ता चालणाऱ्याच्या हातून निसटला.

तो परत मिळाला तो उद्ध्वस्त शहरात. मे १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा मध्यभाग जळून गेला. तिथे १९५३ मध्ये ‘लाइनबान’ हा केवळ चालणाऱ्यांसाठी आखलेला बाजार उघडला. ठेंगणी दुकानं, पावसापासून आडोसा, आणि माल उतरवायला मागच्या बाजूने वेगळी वाट. ही मागची वाट मला फार महत्त्वाची वाटते. ती नसेल, किंवा माल आणायच्या वेळा तरी ठरवून दिलेल्या नसतील, तर गाड्या पुन्हा पुढच्या दारात येणारच.

कोपनहेगनला कोरी जमीन मिळाली नव्हती. तिथला ‘स्ट्रॉय’ म्हणजे एकापुढे एक जोडलेले जुने, अरुंद रस्ते, एकूण लांबी सुमारे १.१ किलोमीटर. नाताळच्या खरेदीत तो थोडे दिवस गाड्यांना बंद व्हायचा. १७ नोव्हेंबर १९६२ ला तो बंद झाला आणि नाताळनंतरही बंदच राहिला. दुकानदार धास्तावले. गाडी दाराशी येणार नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? शिवाय इथली थंडी, पाऊस. बाहेर बसणं ही इटलीवाल्यांची हौस, आपल्याला कुठली, असंही लोक म्हणत. ही भीती खोटी नव्हती, पोटापाण्याची होती. म्हणूनच आधी प्रयोग करून पाहिला हे शहाणपणाचं झालं. १९६४ मध्ये बंदी कायम झाली.

पुढे यान गेल हे वास्तुविशारद तिथे उभे राहून माणसं कुठे रेंगाळतात ते टिपत राहिले. बँका आणि कचेऱ्यांसमोरून लोक झपझप निघून जात. खेळण्यांच्या दुकानापाशी आणि छोट्या टपऱ्यांपाशी थबकत. रस्त्याचं काळीज दुकानांच्या दर्शनी भागात असतं, हे त्या साध्या निरीक्षणातून कळलं.

सगळीकडे असं साधलं नाही. अमेरिकेत कॅलामझू शहराने १९५९ मध्ये मुख्य बाजाररस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी केला, मागोमाग आणखी अनेक शहरांनी. पण वस्ती उपनगरांत निघून गेली होती आणि तिथे प्रचंड पार्किंगसकट मॉल उभे राहत होते. चालत येईल असं माणूसच जवळपास उरलं नाही. बहुतेक ठिकाणी गाड्या परत आल्या, १९९८ मध्ये कॅलामझूमध्येही.

ब्राझीलमधल्या कुरितिबाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. १९७२ मध्ये महापौर झाइमे लेर्नर यांनी मुख्य बाजाररस्त्याचं काम मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी, कोर्ट बंद झाल्यावर, म्हणजे कुणी स्थगिती आणायच्या आत, सुरू केलं. बहात्तर तासांत फरसबंदी, दिवे, फुलझाडांच्या कुंड्या, सगळं जागेवर! दुकानदार आधी चिडले. मग विक्री पाहून, हे आणखी पुढपर्यंत न्या, असं त्यांच्यातलेच म्हणू लागले. मोटारवाल्यांनी मात्र पुढच्या शनिवारी गाड्या घालून रस्ता परत घ्यायचं ठरवलं. ते आले तेव्हा पालिकेच्या माणसांनी रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या होत्या आणि त्यावर मुलं चित्रं रंगवत बसली होती. गाड्या मागे वळल्या. पुढेही कित्येक वर्षं शनिवारी सकाळी मुलं तिथे रंग घेऊन बसत राहिली.