२४३ आव्हानं आणि एक न मोजलेली खोली

२००९ सालच्या 'बॅटमॅन : आर्कम असायलम'मध्ये एक खोली होती. गेम बाजारात आल्यावर कित्येक महिने ती एकाही खेळाडूला सापडली नाही. वॉर्डनच्या ऑफिसातल्या एका साध्या भिंतीमागे ती होती. भिंतीला तडा नव्हता, लपलेल्या गोष्टी दाखवणारा डिटेक्टिव्ह मोड लावला तरी ती वेगळ्या रंगात दिसत नव्हती आणि मॅपवर खूणही नव्हती. नेमक्या जागी स्फोटक जेलचे तीन फवारे मारून ते उडवले तरच भिंत कोसळायची. आत पुढच्या गेमचे, म्हणजे 'आर्कम सिटी'चे, आराखडे मांडून ठेवले होते. कुणाला सापडतच नाही म्हटल्यावर शेवटी बनवणाऱ्यांनीच ते उघड केलं.

त्याच गेममध्ये रिडलर या कोडी घालणाऱ्या खलनायकाची २४० आव्हानंही (लपवलेल्या ट्रॉफ्या, कोडी वगैरे) होती, आणि त्यांच्या संपूर्ण याद्या बघता बघता इंटरनेटवर फिरू लागल्या. दोन्ही गोष्टी लपवलेल्याच, एकाच लोकांनी लपवलेल्या. फरक इतकाच की २४० हा आकडा मेनूत लिहिलेला होता आणि खोलीचा आकडा कुठेच नव्हता. कितीपैकी किती उरलं हे समजलं की माणूस शोधतो, समजलं नाही की भिंतीजवळून निघून जातो. सुपरहिरो गेममधल्या लपवाछपवीचा पुढचा सगळा प्रवास या आकड्याभोवती फिरतो.

फार जुना भाग थोडक्यात आटोपता येईल. १९८० मध्ये आलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एका प्रोग्रॅमरने आपलं नाव एका गुप्त खोलीत लपवलं, कारण त्याची कंपनी गेमवर बनवणाऱ्याचं नाव छापत नसे. तिथे पोहोचायला आधी एक जेमतेम दिसणारा ठिपका शोधावा लागे. ती लपवणूक वरिष्ठांपासूनही होती. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'ने १२० तारे दिले आणि त्यातले ७० मिळाले की कथा संपवायची मुभा ठेवली. ही मुभा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच भांडण आहे. १९९९ च्या 'डाँकी काँग ६४'ने गोळा करायच्या वस्तूंची संख्या साडेतीन हजारांच्या पुढे नेली आणि या प्रकाराचा वीट आणला. २००१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३'ने अख्ख्या शहरात १०० पुड्या पेरल्या. ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे फिरता येणारं जग, म्हटलं की काहीतरी शंभर ठिकाणी पेरलेलं असणारच, ही सवय तिथून घट्ट झाली.

सुपरहिरोंची अडचण मात्र वेगळी होती. साध्या गेममध्ये वस्तू लपवायची तर ती उंचावर ठेवतात, भिंतीमागे ठेवतात, खंदकापलीकडे ठेवतात. इथला नायक भिंतीवर चढतो, भिंतीतून पाहतो, खंदकावरून उडून जातो. त्याच्यापासून लपवायचं कुठे? २००४ च्या 'स्पायडरमॅन २'ने गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावर आणि थेट पाण्यातल्या बोयांवर टोकन ठेवून पाहिले. म्हणजे लपवण्यापेक्षा लांब ठेवणं. जाळं टाकत झोके घेणंच इतकं मजेदार होतं की कुणी फारशी तक्रार केली नाही. २००७ चा 'क्रॅकडाउन' आणि २००९ चा 'इनफेमस' यांनी दुसरी युक्ती काढली. वस्तू मिळाली की ताकदच वाढायची. 'क्रॅकडाउन'मध्ये ५०० हिरवे गोळे होते. ते गोळा कराल तशी उडी उंच व्हायची आणि उंच उडी आली की आणखी वरचे गोळे हाताला लागायचे. आजही या प्रकारातली ही सगळ्यात प्रामाणिक देवघेव वाटते.

लेव्हलच्या आत वस्तू लपवण्याचं खरं व्याकरण मात्र लेगोच्या गेमनी लिहिलं. २००५ मध्ये एका ब्रिटिश स्टुडिओने अंतराळयुद्धाच्या प्रसिद्ध चित्रपटमालिकेवर पहिला लेगो गेम काढला, त्यात प्रत्येक लेव्हलला मिनीकिटचे, म्हणजे एका छोट्या लेगो मॉडेलच्या सुट्या भागांचे, दहा डबे होते. तोच साचा २००८ मध्ये 'लेगो बॅटमॅन'ला लागला आणि सुपरहिरोंना तो असा काही चपखल बसला की जणू त्यांच्यासाठीच ओतला होता. शक्ती काढून घेण्याऐवजी शक्ती वाटून टाकायची, ही त्यातली कल्पना. बॅटमॅनचा एक सूट काच फोडतो, दुसरा स्फोटकं लावतो, तिसरा तरंगत खाली उतरतो. रॉबिनचा एक सूट लोखंडी भिंतीवर चालतो, एक पाण्याखाली जातो. कथेत खेळताना त्या लेव्हलला जे सूट मिळतील तेवढेच वापरायचे. बाकीचं पाहायचं आणि सोडून द्यायचं.

इथेच नवख्या खेळाडूचा घोळ होतो. 'लेगो मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये (२०१३) मुख्य कथेच्या १५ लेव्हल आहेत आणि प्रत्येकीत दहा मिनीकिट. कथा खेळताना तुमच्याजवळ हल्क आहे, म्हणून हिरव्या दांड्यांची दारं उपटता येतात. पण बाजूलाच असलेला चांदीचा ठोकळा स्फोटाशिवाय फुटत नाही, सोनेरी ठोकळा तीव्र उष्णतेशिवाय वितळत नाही, आणि ते करणारं पात्र त्या वेळी पथकात नसतं. लेव्हल पुरी करून फ्री प्लेमध्ये, म्हणजे तीच लेव्हल हव्या त्या पात्रांनी पुन्हा खेळायला, परत आल्याशिवाय काही डबे मिळूच शकत नाहीत. हे माहीत नसलेला माणूस त्या ठोकळ्यावर तासभर बुक्क्या मारत बसतो. गेम त्याला 'हे आत्ता नाही' असं स्पष्ट सांगत नाही, फक्त शेवटी दहापैकी तीन दाखवतो.

यात वेळ वाढवण्याची चलाखी आहे असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ही पद्धत बरीचशी न्याय्य वाटते. एक तर फ्री प्लेमध्ये पात्रं चुटकीसरशी बदलता येतात. दुसरं, ठोकळ्याचा रंगच उत्तर सांगतो. चांदी, सोनं, हिरवी दांडी, वॉल्व्हरिनच्या पंज्यांसाठीची जागा, जमिनीतून चमकणारी माती. पहिल्या फेरीत ज्याने नीट पाहिलं त्याला दुसऱ्या फेरीत कुठे वळायचं ते आठवतं. अवघड भाग वेगळाच असतो. तो म्हणजे विखुरलेल्या वस्तूंचे मिनीकिट, ज्यात लेव्हलभर पसरलेल्या पाच सारख्या वस्तू फोडल्या तर एक डबा मिळतो. चार फोडून पुढच्या भागात गेलात आणि परतीचं दार बंद झालं, तर लेव्हल पुन्हा. त्यावर उतारा म्हणून लाल विटांमधला (या विटा सापडल्या की जादा सोयी विकत घेता येतात) मिनीकिट डिटेक्टर असतो, तो बाण दाखवून डब्याची दिशा सांगतो. स्टड, म्हणजे गेममधली नाणी, भरपूर लागतात, पण अनेकजण तो आधी घेतात आणि मगच मागच्या लेव्हलकडे वळतात. शोधण्याची मजा त्यात उरते का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दरम्यान खेळाच्या बाहेर एक बदल झाला होता. २००५ च्या शेवटी एक्सबॉक्स ३६० बरोबर अचिव्हमेंट, म्हणजे गेममधल्या कामगिरीबद्दल खेळाडूच्या खात्यावर नोंदले जाणारे बिल्ले, आले; २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर त्याच धर्तीच्या ट्रॉफी आल्या. गेममधला आकडा आता प्रोफाइलवर लटकू लागला, मित्रांना दिसू लागला. ९७ टक्के हा चांगला निकाल न राहता अपुरेपणाचा दाखला झाला. त्याच काळात युट्यूबवर लेव्हलनिहाय वॉकथ्रूंचा, म्हणजे सगळं खेळून दाखवणाऱ्या व्हिडिओंचा, पूर आला. लपवणाऱ्याने कितीही डोकं चालवलं तरी उत्तर आता एका शोधाच्या अंतरावर होतं.

आता मुख्य वादाकडे. लंडनमधल्या ज्या स्टुडिओने ती गुप्त खोली बांधली, त्यानेच २०१५ मध्ये 'आर्कम नाइट' काढला. त्यात रिडलरची २४३ आव्हानं होती. आकडा 'सिटी'च्या ४४० पेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे आधी लोकांना हायसं वाटलं. पण मुख्य खलनायक हरल्यावर कथा खऱ्या अर्थाने संपत नव्हती. शेवटाकडे नेणारा 'नाइटफॉल प्रोटोकॉल' सुरू करण्यासाठी शहरातल्या इतर गुन्हेगारांच्या ठरावीक मोहिमा पुऱ्या कराव्या लागत. तेवढ्यावर शेवट दिसायचा, पण अर्धवट. पूर्ण शेवटासाठी सगळे गुन्हेगार तुरुंगात हवेत, सगळ्यांमध्ये रिडलरही आला, आणि रिडलर तर २४३ पैकी २४३ झाल्याशिवाय समोर लढायलाच येत नव्हता. २४२ वर तुम्ही आणि ज्याने एकही सोडवलं नाही तो, दोघेही एकाच रांगेत.

याच स्टुडिओचे मागचे दोन गेम असे नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. 'असायलम'मध्ये सगळी कोडी सुटली की पोलीस रिडलरला पकडतात ते रेडिओवर ऐकू यायचं. गंमत म्हणून बक्षीस. 'सिटी'मध्ये ठरावीक संख्येने कोडी सुटली की एकेका ओलिसाची जागा उघडायची, म्हणजे वाटेत टप्पे होते आणि कुठेही थांबता येत होतं. मुख्य कथा दोन्हीकडे मोकळी होती. १९९६ मधली '७० वर संपवा, १२० हौसेने करा' ही मुभा तिथवर टिकून होती. 'नाइट'ने ती काढून घेतली.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. रिडलर हा अहंकारी माणूस. आपलं शेवटचं कोडं सुटल्याशिवाय तो हार मानेल, हे त्याच्या स्वभावातच बसत नाही. बॅटमॅनही एक गुन्हेगार मोकळा सोडून घरी जाणारा नाही. हा या स्टुडिओच्या बॅटमॅन-त्रयीचा शेवटचा भाग, तेव्हा शहर पूर्ण साफ झाल्यावरच पडदा पडावा, ही रचना कागदावर देखणी आहे. शिवाय अनेक कोडी खरोखर सुंदर होती. हिरव्या खुणा असलेल्या गुंडाला बाकीच्यांपासून वेगळा काढून शेवटपर्यंत शुद्धीवर ठेवायचं आणि मग त्याच्याकडून ट्रॉफ्यांच्या जागा वदवून घ्यायच्या, ही तर मालिकेची जुनी आणि उत्तम युक्ती.

पण कागदावरची रचना दोनशेव्या आव्हानापर्यंत टिकत नाही. पन्नासाव्या कोड्याला वाटणारं कुतूहल तिथवर आटलेलं असतं, बोटं नुसती मॅप पाहून काम उरकत असतात. अनेक आव्हानं बॅटमोबाइलवर अवलंबून होती, आणि बॅटमोबाइल हाच त्या गेमचा सगळ्यात वादग्रस्त भाग. गाडीच्या शर्यती नकोशा झालेल्यांना शेवटासाठी त्याच गाडीत परत बसावं लागलं. एवढं करून मिळणारा अधिकचा प्रसंग अगदी छोटा. परिणाम व्हायचा तोच झाला: कितीतरी लोकांनी तो प्रसंग युट्यूबवर पाहिला आणि गेम बंद केला. तीन गेम ज्या कथेसोबत घालवले तिचा शेवट दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहावा लागणं हे लेखकाचं यश म्हणता येत नाही, आणि 'ज्याने मेहनत केली त्यालाच शेवट' हे समर्थन इथे लंगडं पडतं. मेहनत कोडी सोडवण्याची असती तर गोष्ट वेगळी होती. बहुतेकांची मेहनत व्हिडिओ थांबवत थांबवत नक्कल करण्याची होती.

मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी की लपवण्याचं कसब याच लोकांकडे सर्वांत जास्त होतं. कसलंही बक्षीस नसलेली, यादीत नसलेली एक खोली त्यांनी 'नाइट'च्या सहा वर्षं आधी बांधली होती आणि ती आजही लोक भेट द्यावी तशी बघायला जातात. २४३ मधली एखादी ट्रॉफी कुणाला नेमकी आठवते?

पुढच्या गेमनी या वादातून काय घेतलं ते पाहायला २०१८ चा 'मार्व्हल्स स्पायडरमॅन' पुरेसा आहे. एका अमेरिकी स्टुडिओने त्यात ५५ बॅकपॅक ठेवले आणि लपवण्याचा आवच सोडून दिला. टॉवर चालू केला की त्या भागातले बॅकपॅक मॅपवर दिसतात. मग त्यात राम काय? प्रत्येक बॅकपॅकमधून जुनी काहीतरी वस्तू निघते आणि पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलतो. शोधणं गेलं, त्याच्या जागी उघडून पाहणं आलं. ज्यांना खरंच शोधायचं होतं त्यांच्यासाठी ५० गुप्त फोटो होते, आणि ते मॅपवर आधी दिसत नव्हते. टीकाकार म्हणाले, ही शोधमोहीम कसली, ही तर कामांची यादी झाली. बरोबरच आहे ते, पण ती यादी लोकांनी हसतखेळत पुरी केली.

लेगोच्या बाजूने बदल हळू झाला. 'लेगो बॅटमॅन २' पासून (२०१२) खुलं गॉथम आलं आणि सोन्याच्या विटा लेव्हलच्या बाहेर छपरांवर पसरल्या. मार्व्हलच्या गेममध्ये प्रत्येक लेव्हलला संकटात सापडलेले एक वृद्ध कॉमिक-लेखक सोडवायचे असत, तर २०१४ च्या 'लेगो बॅटमॅन ३'ने त्यांच्या जागी साठच्या दशकातल्या टीव्ही-बॅटमॅनला अडकवलं. प्रत्येक लेव्हलच्या दहा मिनीकिटांना मात्र सुपरहिरोंच्या लेगो गेममध्ये पुढची कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही.

२०२३ च्या 'मार्व्हल्स स्पायडरमॅन २'मध्ये छोटे रोबो-कोळी शहरभर लपलेले आहेत, एकूण ४२. जवळ गेलं की त्यांची रंगीत चमक दिसते. सगळे मिळाले की एका बारमध्ये एक छोटा प्रसंग उलगडतो. कथेचा शेवट त्यावर अडवून ठेवलेला नाही.