पॉरिजच्या वाडग्यात ‘वर’ची जागा

पॉरिज म्हणजे पाण्यात किंवा दुधात मऊ शिजवलेलं धान्य. त्यावर कॅरमेलचा कडक पापुद्रा, भाजलेल्या बिया, लोण्यात परतलेले मशरूम किंवा मऊ उकडलेलं अंडं दिसलं की ही सगळी हल्लीची थेरं वाटतात. जिन्नसांपुरतं बोलायचं तर तसं नाही. शिजलेल्या धान्यात माणूस हाताला लागेल ते फार पूर्वीपासून घालत आला आहे. बदलत गेली ती घालण्याची वेळ आणि जागा: कधी भांड्यातच सोबत शिजवायचं, कधी शेजारी वाढायचं, कधी वर पसरायचं. आजही पॉरिज जमतं की फसतं, ते बरंचसं यावरच ठरतं.

डेन्मार्कमध्ये सिल्केबॉर्गजवळच्या दलदलीत १९५० साली पीट (जळणासाठी वापरतात ती कुजक्या वनस्पतींची माती) खणताना एका माणसाचं शरीर सापडलं. टोलुंड मॅन या नावानं ओळखला जाणारा हा माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या पोटातलं शेवटचं जेवण शाबूत होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या विश्लेषणानुसार ते होतं बार्लीचं पॉरिज; त्यात जवस, शेतातल्या तणाचं बी आणि मासळीचा अंश. सोबत भांड्याच्या तळाला करपलेल्या खरपुडीचे कणही मिळाले. तळ लागण्याची तक्रार इतकी जुनी आहे. हे सगळं एकत्र शिजलेलं असल्यामुळे खाणाऱ्याला प्रत्येक घासात एकच चव आणि एकच पोत मिळाला असणार.

लिखित कृतींमध्ये रोमन राजकारणी कॅटोच्या शेतीविषयक ग्रंथातली ‘प्युनिक पल्स’ (कार्थेजच्या पद्धतीचं पॉरिज) ही फार जुनी, ख्रिस्तपूर्व १६०च्या आसपासची. एक पौंड भरडलेलं धान्य भिजवायचं, त्यात तीन पौंड ताजं चीज, अर्धा पौंड मध आणि एक अंडं कालवायचं आणि नव्या मडक्यात शिजवायचं. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा. म्हणजे भरड्याच्या तिप्पट, जवळजवळ एक किलो चीज! कॅटोनं सगळं आधी कालवून मग आचेवर चढवायला सांगितलं आहे, आणि त्यात शहाणपण आहे. उकळत्या पॉरिजमध्ये अंडं थेट फोडलं तर त्याचे धागे होतात. थंड चीज आणि मधात आधी फेटून घेतलं आणि मंद आचेवर सतत ढवळलं तर ते मऊसर घट्ट होतं.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये याच कुळातली फ्रुमेंटी होती. १३९०च्या सुमारास राजा दुसऱ्या रिचर्डच्या स्वयंपाक्यांनी नोंदवलेल्या कृतींमध्ये ती सापडते. गहू कांडून टरफलं काढायची, दाणे फुटेपर्यंत उकळायचे, मग दूध किंवा बदामाचं दूध, अंड्याचा बलक आणि केशर. खाल्ली जायची ती मात्र हरणाच्या मांसाबरोबर. उपासाच्या दिवशी, मांस वर्ज्य म्हणून, पॉरपॉइज या सागरी प्राण्याबरोबर. पॉरपॉइज हा सस्तन प्राणी, पण तेव्हा त्याची गणना माशांत होत असे. पॉरिज म्हणजे गोड न्याहारी हे समीकरण किती अलीकडचं आहे, ते इथे दिसतं.

स्कॉटलंडनं उलटी वाट धरली. ओट्सचं पीठ, पाणी, मीठ, संपलं. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या शब्दकोशात ओट्सची व्याख्या करताना टोमणा मारला होता: इंग्लंडमध्ये हे धान्य घोड्यांना घालतात, स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसं जगतात. पण त्या साधेपणातही एक बारीक हुशारी होती. साय किंवा दूध पॉरिजवर ओतायचं नाही, वेगळ्या वाटीत थंड ठेवायचं आणि गरम पॉरिजचा प्रत्येक चमचा त्यात बुडवून खायचा. साय वर ओतली की दोन मिनिटांत सगळं कोमट आणि पातळ होतं. वाटी वेगळी ठेवली तर शेवटच्या घासापर्यंत गरम-थंडाचा फरक टिकतो. थंड दही किंवा फळांचा गर घालायचा असेल तर आजही ही पद्धत चांगली.

नॉर्वेत साईच्या किंवा तांदळाच्या पॉरिजच्या मधोमध खळगा करून लोणी ठेवतात. त्याला तिथे ‘लोण्याचा डोळा’ म्हणतात. भोवती साखर आणि दालचिनी. लोणी ढवळून टाकलं तर नाहीसं होतं, एका जागी वितळलं तर चमच्यागणिक कमी-जास्त लागतं. नाताळात तांदळाच्या पॉरिजमध्ये एक सोललेला बदाम दडवायची आणि तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला मार्झिपानचं (बदाम-साखरेच्या गोळ्याचं) डुक्कर द्यायची प्रथाही तिथलीच. एका दाण्यावर अख्ख्या पंगतीची उत्सुकता टिकवणारं दुसरं टॉपिंग आठवत नाही.

पूर्व आशियात धान्य तांदळाचं, पण विचार अधिक नेमका. चीनमध्ये एक भाग तांदूळ आणि आठ ते दहा भाग पाणी शिजवून केलेली पेज मुद्दाम अळणी ठेवतात. वर किंवा बाजूला तळलेल्या पिठाच्या कुरकुरीत काड्या, क्षारात मुरवलेलं काळपट अंडं, लोणची, कांद्याची पात. जपानमध्ये उमेबोशी हे आंबट-खारट मुरवलेलं फळ, आणि ७ जानेवारीला सात हिरव्या पाल्यांची पेज. मऊला कुरकुरीत, अळणीला खारट, पिठूळला आंबट असा हा हिशेब आहे. ओट्सच्या वाडग्यालाही तो जसाच्या तसा लागू पडतो, आणि ओट्स गोडच असले पाहिजेत हा हट्ट सोडला की अर्धं काम झालं.

पॉरिजला थाटामाटानं सजवण्याचा मान रशियाच्या गुर्येव काशाला द्यावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अर्थमंत्री काउंट दिमित्री गुर्येव यांच्या नावानं ती ओळखली जाते. पसरट भांड्यातलं दूध किंवा साय भट्टीत ठेवायची, वर धरणारे तपकिरी पापुद्रे एकेक करून काढायचे, आणि दुधात शिजवलेला रवा, हे पापुद्रे, सुकामेवा, फळांचा मुरंबा असे थर लावायचे. शेवटी वर साखर पसरून ती वितळेपर्यंत भाजायची. आजचं ‘ब्रूले’ पॉरिज, म्हणजे वर जाळलेल्या साखरेचा कडक पापुद्रा असलेलं, हे याचंच नातेवाईक. ते फसतं ते बहुतेक वेळा ओल्या पृष्ठभागामुळे: साखर विरघळून पाक होते आणि जळते, पण कडक होत नाही. घट्ट पॉरिज उथळ वाडग्यात ओतून चार-पाच मिनिटं तसंच ठेवावं, वर साय धरली की दोन चहाचे चमचे साखर एकसारखी भुरभुरावी आणि लगेच स्वयंपाकाच्या गॅस टॉर्चच्या ज्योतीनं वितळवावी. टॉर्च नसेल तर साखर कोरड्या कढल्यात सोनेरी वितळवून वर पातळ धार सोडावी.

यानंतर कारखाने आले. अमेरिकेत क्वेकर या ओट्सच्या ब्रँडच्या नावाची नोंदणी १८७७ची. वाफवून रुळांखाली चपटे केलेले ओट्स रूढ झाले, तेव्हा पंचवीस-तीस मिनिटांचं शिजवणं काही मिनिटांवर आलं. क्वेकरचे लवकर शिजणारे ओट्स १९२२ साली आले, तर नुसतं गरम पाणी ओतून होणारे १९६६ साली. ओट्सचा चपटा दाणा जितका पातळ, तितकी पिठूळता जास्त. तुकडे केलेल्या ओट्सला जो चावा असतो तो यात उरत नाही. शिवाय पाकिटात साखर आणि स्वाद आधीच मिसळलेले, म्हणजे टॉपिंग पुन्हा भांड्याच्या आत गेलं. माझ्या मते वरून काहीतरी घालण्याची आजची निकड इथूनच सुरू होते. त्याआधीच, १९००च्या सुमारास, झुरिकमध्ये डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी न शिजवलेल्या ओट्सचा मार्ग दाखवला: एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवायचे, त्यात लिंबाचा रस, आटवलेलं दूध, सालीसकट किसलेलं सफरचंद आणि वर वाटलेला सुकामेवा. त्यात सफरचंदच मुख्य होतं, ओट्स नावापुरते. आताचे ‘ओव्हरनाइट ओट्स’ त्याचेच वंशज, फक्त प्रमाण उलटं झालं आहे.

१९९४पासून स्कॉटलंडच्या कारब्रिज गावात पॉरिजची जागतिक स्पर्धा भरते. मुख्य विभागात अजूनही ओट्स, पाणी, मीठ याखेरीज काही चालत नाही, चपटे ओट्सही नाहीत. बाकी साऱ्या कल्पनांसाठी वेगळा विभाग आहे. इंग्लंडमधल्या ब्रे गावात शेफ हेस्टन ब्लुमेंथाल यांच्या गोगलगायींच्या हिरव्यागार पॉरिजनं खारं पॉरिज चर्चेत आणलं, आणि २०११ साली कोपनहेगनमध्ये फक्त पॉरिजला वाहिलेलं ग्रोड हे उपाहारगृह सुरू झालं. मग फोटोंचा काळ आला आणि वाडग्यावर फळांच्या सरळ रांगा लागल्या. दिसायला छान, खायला गैरसोयीच्या: एका चमच्यात नुसती केळी, दुसऱ्यात नुसत्या बिया.

प्रत्यक्ष करताना एका माणसासाठी ४० ग्रॅम चपटे ओट्स, २५० मिलिलिटर पाणी किंवा निम्मं दूध-निम्मं पाणी, आणि एक चिमूट मीठ. मीठ गोड पॉरिजलाही हवं. बिया आणि सुकामेवा कोरडे भाजून पूर्ण गार झाल्यावरच, आणि खायला बसताना घालावेत. वाफेत पाच मिनिटं राहिले की ते मऊ पडतात. चिया किंवा जवसाची पूड पाणी शोषते, म्हणून एका मोठ्या चमच्यामागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी जास्त धरावं, नाहीतर वाडग्यात लगदा बसतो. गोठवलेल्या बेरी थेट टाकल्या तर पॉरिज थंड आणि जांभळट होतं. दोन-तीन मिनिटं छोट्या भांड्यात आटवून घेतल्या की त्यांचा आंबट पाक होतो आणि तो वरच राहतो. कोकोच्या गुठळ्या टाळायच्या तर तो आधी चमचाभर गार दुधात कालवावा.

कच्चं अननस आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दूध किंवा दह्याबरोबर थोडा वेळ राहिली की कडवटपणा येतो, म्हणून रात्रभर भिजवायच्या बरणीत ही फळं घालू नयेत. डबाबंद अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेनं विकर निकामी झालेलं असतं. खाऱ्या वाडग्यासाठी दूध वगळून ओट्स पाण्यात किंवा भाज्या उकळून गाळलेल्या पाण्यात (स्टॉकमध्ये) शिजवावेत, आच बंद केल्यावर किसलेलं चीज घालावं, कारण उकळत्यात त्याचे रबरासारखे धागे होतात, आणि वर साडेसहा मिनिटं उकडलेलं अंडं, तिखट तेलाचे चार थेंब, लोणच्याची आंबट फोड. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट जपानी वाटण) वापरायचा असेल तर मीठ घालू नये. एक छोटा चमचा पुरतो.