साठा जवळ आणणे आणि रांगेत पुढे घुसणे: सीडीएन व सशुल्क प्राधान्य यांतला फरक

नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेट सेवादात्याने सगळ्यांच्या आशयाला सारखेच वागवावे या तत्त्वाचा, विषय निघाला की एक आक्षेप हमखास घेतला जातो. मोठ्या कंपन्या आजही पैसे मोजून आपला आशय इतरांपेक्षा लवकर पोहोचवतात, सीडीएन नावाची सेवा त्यासाठीच विकत मिळते, मग इंटरनेट सेवादात्याने पैसे घेऊन एखाद्या कंपनीला ‘फास्ट लेन’ दिली तर बिघडले कुठे? आक्षेप घेणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात, कारण वरवर पाहता दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात: पैसे दिले, वेग मिळाला. मात्र तो वेग नेमका येतो कुठून, हे तपासले की साम्य तिथेच संपते.

सीडीएन म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मूळ सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल, तर मागणी पोहोचून उत्तर परत यायला निव्वळ अंतरापोटी १०० मिलिसेकंद लागतात, आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. सीडीएन त्याच आशयाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवते आणि मागणाऱ्याला जवळची प्रत देते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाई या सीडीएन कंपनीचा व्यवसाय याच कल्पनेवर उभा राहिला. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ओपन कनेक्ट योजनेत तर साठवणुकीचे सर्व्हर थेट सेवादात्यांच्या जाळ्यातच बसवले जातात. एखादा चित्रपट त्या सर्व्हरवर एकदा उतरला की हजारो प्रेक्षकांसाठी तो लांबून पुन्हा पुन्हा आणावा लागत नाही. इथला वेग अंतर तोडल्यामुळे मिळतो, आणि त्यासोबत लांबच्या वाहिन्यांवरचा भारही उतरतो, ज्याचा लाभ सीडीएन न परवडणाऱ्या संकेतस्थळालाही होतो.

सशुल्क प्राधान्य, म्हणजेच ती ‘फास्ट लेन’, समजून घ्यायचे तर जाळ्यातली वाहतूक पुढे पाठवणाऱ्या एखाद्या राउटरपाशी थोडे थांबले पाहिजे. राउटरमध्ये पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूच्या वाहिनीने बाहेर पडतात. येणारी पॅकेटे वाहिनीच्या क्षमतेच्या आत आहेत तोवर रांग जवळपास लागतच नाही. वापर वाढून पॅकेटे क्षमतेपेक्षा जास्त येऊ लागली की ती बफर नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत ताटकळतात, आणि बफरही भरला की मागाहून आलेली टाकून दिली जातात. टीसीपी हा माहिती पाठवण्याचा नियमसंच वापरणारा सर्व्हर पॅकेट हरवल्याचे ओळखताच आपला वेग आपण होऊन कमी करतो, आणि या शिस्तीमुळेच गर्दीचा त्रास कुणा एकावर न पडता वाटला जातो. आता एका कंपनीने पैसे भरले म्हणून तिची पॅकेटे या रांगेतून पुढे काढली, असे समजू. वाहिनी तेवढीच राहते आणि सेकंदाला बाहेर पडणारी पॅकेटेही तेवढीच राहतात. म्हणजे पुढे सरकलेल्या प्रत्येक पॅकेटाची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी पॅकेटाने मागे राहून चुकवलेली असते. पडद्यावरची चकती गरगरत राहिलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. ते संकेतस्थळच रद्दी आहे, असे समजून तो ते बंद करतो.

सीडीएनचे पॅकेटही शेवटच्या टप्प्यात याच रांगेत येऊन, इतरांसारखेच आपल्या पाळीने पुढे सरकते. ते जवळून निघालेले असते, एवढाच काय तो फरक.

मला याहूनही गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे. प्राधान्याला मोल येते ते रांग असेल तरच. रांगच नसेल तर पुढचा नंबर विकत कोण घेईल? म्हणजे प्राधान्य विकणाऱ्या सेवादात्याला वाहिनी रुंद करण्यापेक्षा गर्दी टिकवण्यात फायदा दिसू लागतो, आणि तोही ज्या ग्राहकाने जोडणीचे पैसे आधीच भरलेले आहेत त्याच्या खर्चाने. शिवाय सीडीएन विकणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, एकीचा दर पटला नाही तर दुसरी गाठता येते. पण एखाद्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्याच्या सेवादात्याच्याच हातात असतो, आणि नवख्या उद्योजकाला त्या नाक्याला वळसा घालता येत नाही.

नियमही याच रेषेवर आखले गेले. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये अडवणूक, मुद्दाम वेग उतरवणे आणि सशुल्क प्राधान्य या तिन्हींना मनाई केली, सीडीएनला नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीने वाहतुकीचे व्यवस्थापन तांत्रिक गरजेपुरते मान्य केले, व्यापारी हेतूने नव्हे. म्हणून आवाजी संभाषणासारख्या विलंब न सोसणाऱ्या प्रकाराला सरसकट सांभाळून घेता येते, पैसे देणाऱ्या एका कंपनीला नाही. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत सीडीएन भेदभावबंदीच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता.

एक जागा मात्र खरोखर धूसर आहे, ती म्हणजे दोन जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात तो सांधा. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्ट या अमेरिकी सेवादात्याशी थेट जोडणीसाठी पैसे देण्याचा करार केला. त्याआधी तिथल्या ग्राहकांना चित्रपट अडखळत दिसत होते, करारानंतर वेग सुधारला, आणि अडथळ्याचा दोष दोन्ही बाजूंनी एकमेकांवर टाकला. कागदोपत्री इथे कुणालाही रांगेत पुढे काढलेले नव्हते. परंतु सांध्यापाशी गर्दी तुंबू द्यायची आणि तिला वळसा घालणारी वाट विकायची, असे कुणी ठरवले तर परिणाम प्राधान्य विकल्यासारखाच होतो, म्हणून नुसती प्राधान्यावरची बंदी पुरत नाही आणि नियामकाची नजर सांध्यावरही असावी लागते. एफसीसीच्या २०१५ च्या आदेशाने अशा तक्रारी एकेक करून तपासण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. तो आदेश डिसेंबर २०१७ मध्ये मागे घेण्यात आला, एप्रिल २०२४ मध्ये तसेच नियम पुन्हा आणले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द ठरवल्यावर त्या सांध्यावरची ही देखरेखही त्यांच्याबरोबर गेली.